वही गेली, साक्ष राहावी
(चाकूर येथे व्यापारी बांधवांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



चाकूरच्या पेठेत सोयाबीन आणि तुरीचा हंगाम सुरू झाला, की आडत दुकानातील मुनिमाची मान दिवसभर वर होत नसे. तांबड्या कापडी बांधणीचा रोजमेळ, त्यावरून उतरवलेली खतावणी, हिशोबपट्ट्यांची पुस्तके. वर्षाअखेरीस कपाट भरे, पुढे माळाही भरे. आज तो सारा पसारा बोटभर साधनात मावतो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि नोंदणीकृत व्यापाऱ्याला संगणकाचा आश्रय अपरिहार्य झाला.

हा बदल स्वागतार्हच आहे. वहीला वाळवी लागते, गळते छप्पर तिला भिजवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरांबरोबर घरांतील कागदपत्रेही ढिगाऱ्याखाली गेली. संगणकातील हिशोबाची प्रत मात्र परगावीही ठेवता येते.

परंतु वही म्हणजे केवळ कागद नव्हता. तिची पाने शिवलेली असत. मधले पान फाडले तर ते कळे. चुकलेला आकडा खोडून शेजारी नवा लिहीत आणि खोडलेला आकडाही वाचता येई. ती खाडाखोड हीच वहीच्या सचोटीची साक्ष होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात क्रम सोडून, न कळेल अशी किंवा दुबार नोंद करणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे.

संगणकात जुना आकडा पुसून नवा बसवला, तर त्याचा मागमूस राहीलच असे नाही. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची तारखेसह आपोआप नोंद राहणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले. घरगुती पेढीला हा नियम लागू नाही. त्यामागील नीती मात्र लागू आहे.

पेरणीच्या वेळी शेतकरी आडत्याकडून उचल घेतो आणि माल आला की ती वळती होते. त्या व्यवहारात त्याच्या हाती असते ती एक हिशोबपट्टी. तीही आता उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर निघते. त्यावरील अक्षरे काही महिन्यांत फिकी पडतात. दिवाळीला हिशोब जुळला नाही, तर व्यापाऱ्याचा संगणक बोलतो आणि शेतकऱ्याच्या खिशातील कागद कोरा निघतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक हिशोबवहीचा स्पष्ट उल्लेख केला आहे; पण केवळ त्या नोंदीवरून कोणावर देणे लादता येत नाही, हे जुने तत्त्वही कायम ठेवले आहे. एकतर्फी हिशोब न्यायालयातही अपुराच ठरतो.

म्हणून पेढीने चार गोष्टी पाळाव्यात. फेरफाराची नोंद सदैव चालू ठेवावी. हिशोबाची एक प्रत दुकानाबाहेर ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशोब जपावा लागतो. तितकी वर्षे ती प्रत वाचता आली पाहिजे. आणि शेतकऱ्याला वजन, भाव, हमाली, तोलाई व उचल दाखवणारी पट्टी साध्या कागदावर, टिकाऊ शाईत द्यावी. त्याच्या मोबाइलवरही पाठवावी.

लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावर वहीऐवजी संगणक आला, म्हणून लक्ष्मी रुसणार नाही. ती नांदते दोन्ही बाजूंचा हिशोब सारखा असलेल्या पेढीवर.