पदक एकाचं, हात अनेकांचे

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण, छपाईसाठी थोडं नीटनेटकं करून)



व्याख्यानमालेत एक दिवस तुम्ही घ्या, असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी मुदत ठेवींवर बोलेन. त्यांना मी विषय कळवला, ‘खेळामागचं विज्ञान आणि त्यातलं करिअर’. ते क्षणभर गप्प झाले. तुमच्यातल्या काहींच्या मनातही आलं असेल की छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाचा खेळाशी काय संबंध? संबंध आहे. गेली पाच-सहा वर्षं आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद ह्याच विषयावर झाले. माझी नात फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे खेळाडूंबरोबरच काम करायचं म्हणते. तिनं जे वाचलं, दाखवलं, समजावलं, त्यातलं मला जे पटलं ते तुमच्यापुढे मांडतो.

सुरुवात आपल्या नाशिकपासूनच करू. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा नावाचा पाडा आहे. तिथली कविता राऊत आपल्या सगळ्यांना ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून माहीत आहे. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच वर्षी चीनमध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिला रौप्य मिळालं. तिची वेळ होती ३१ मिनिटं ५१.४४ सेकंद. सुवर्ण मिळालं आपल्याच देशाच्या प्रीजा श्रीधरनला, वेळ ३१ मिनिटं ५०.४७ सेकंद. म्हणजे दहा किलोमीटर धावून फरक एका सेकंदाहूनही कमी!

हा आकडा मी एवढ्यासाठी सांगतो की ह्या पातळीवर सगळेच मेहनती असतात. मग एक सेकंद येतो कुठून? झोप पुरी झाली का, रक्तात लोह किती, मागच्या आठवड्यात सराव जास्त तर झाला नाही, पाऊल जमिनीवर कसं पडतं, शर्यतीच्या आदल्या रात्री मन कुठे होतं. ह्यातली प्रत्येक गोष्ट पाहणारं एक माणूस असतं, आणि तो त्याचा पोटापाण्याचा व्यवसाय असतो. कविताच्या मागे प्रशिक्षक विजेंदरसिंग उभे होते हे आपण वर्तमानपत्रात वाचलं. आजच्या मोठ्या खेळाडूंच्या मागे अशी चार-पाच माणसं असतात.

दुसरं उदाहरण चांदवड तालुक्यातलं. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. दुष्काळी भागातला मुलगा, वडील विहिरी खोदायचे. तो सैन्यात गेला. तिथे त्याची उंची आणि ताकद पाहून त्याला नौकानयनाकडे वळवलं गेलं. जिथे पिण्याच्या पाण्याची मारामार, तिथला मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नाव वल्हवून तेराव्या क्रमांकावर आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात त्याला सुवर्णपदक मिळालं. लांब हात, लांब पाय, मोठी छाती म्हणजे वल्ह्याचा फटका लांब पडतो. कुठलं शरीर कुठल्या खेळाला साजेसं आहे हे मोजून पाहणं, हीसुद्धा ह्या शास्त्राची एक शाखा आहे. आपल्या तालुक्यांत असे किती दत्तू कुणीच न मोजल्यामुळे राहून गेले असतील, देव जाणे.

तिसरं उदाहरण सायकलचं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रॅम’ ही शर्यत. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र ह्या महाजन बंधूंनी दोघांच्या संघात ती पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ हे एकट्यानं ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. एकट्याला मुदत असते बारा दिवसांची. सायकलस्वाराच्या मागे मोटार असते. कधी काय खायचं, किती पाणी, किती मीठ, आता थांबून तासभर झोपायचं की पुढे जायचं, हे मागच्या मोटारीतली माणसं पाहतात, कारण चार रात्री धड न झोपलेल्या माणसाला स्वतःचं भान नसतं. सायकल मारणाऱ्याचा फोटो छापून येतो, मोटारीतल्यांचा येत नाही.

आता ही मागची माणसं कोण, ते थोडक्यात सांगतो.

पहिला फिजिओथेरपिस्ट. दुखापत होऊ न देणं आणि झाली तर परत मैदानावर आणणं हे त्याचं काम. दुसरा ताकद आणि तंदुरुस्तीचा प्रशिक्षक, ज्याला स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. तिसरा आहारतज्ज्ञ. चौथा क्रीडा मानसशास्त्रज्ञ. पाचवा शरीराच्या हालचालीचं गणित मांडणारा, बायोमेकॅनिक्सवाला. सहावा व्यायामाचं शरीरशास्त्र जाणणारा, जो धावताना तुमचा श्वास आणि नाडी मोजून सरावाचं वेळापत्रक ठरवतो. ह्या सगळ्यांच्या वर क्रीडावैद्यकातला डॉक्टर.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते आम्ही घरातच पाहिलं. नात शाळेत खो-खो खेळायची. दहावीच्या वर्षी एका स्पर्धेत खुंटाजवळ वळताना तिच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलं. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात पोरगी चालायला लागली, तर तिच्या संघाकडून निरोप आला, “पट्टी बांधून येऊ द्या, नुसती उभी राहिली तरी चालेल.” पोरीचे डोळे चमकले. पण तिची फिजिओथेरपिस्ट, जेमतेम तिशीची मुलगी, ठाम राहिली. तिनं वाद घातला नाही, मोजमाप केलं. एका पायावर उडी मारायला लावली, टेप लावला. मग दुसऱ्या पायावर. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या दोन तृतीयांशसुद्धा भरली नाही. ती म्हणाली, “आजोबा, हे नव्वद टक्क्यांवर जाईपर्यंत आणि नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मैदान नाही.” तिनं नॉर्वेतल्या संशोधकांचं २०१६ चं काम सांगितलं. त्यात असं दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवाल, तितका गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका उतरतो. नात अकराव्या महिन्यात मैदानावर उतरली. तो गुडघा आजही ठणठणीत आहे.

बारावीनंतर तिनं हाच अभ्यासक्रम मागितला, तेव्हा माझा मुलगा, म्हणजे तिचे बाबा, अंबडच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणाला, “खेळ ठीक आहे, पण पोट कसं भरणार?” प्रश्न रास्त होता. पंचवीस वर्षांची झालेली आपली सोसायटी अशा प्रश्नांनीच भरलेली आहे. मी तो माझ्या पद्धतीनं सोडवायला घेतला. शैक्षणिक कर्जाचा अर्ज समोर आल्यावर आम्ही जे पाहायचो तेच तीन प्रश्न मी विचारले. पालकांनी ते लिहून घ्यावेत.

पहिला प्रश्न. पदवीमागे कायदा आहे का? फिजिओथेरपीला आहे. आपल्या राज्यात तिची परिषद आहे, नोंदणी लागते. २०२१ मध्ये केंद्रानं संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञही येतात. आपल्या नाशिकलाच आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यातल्या अनेक कॉलेजांत ही पदवी त्याच्याच शिक्क्यानं मिळते. उलट तंदुरुस्ती प्रशिक्षकाला आपल्याकडे असा परवाना लागत नाही. चार दिवसांचं शिबिर करून कुणीही कार्ड छापतो. म्हणून माझं मत असं की आधी पाया पक्का असावा. फिजिओथेरपी, आहारशास्त्र, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण किंवा वैद्यक, ह्यातलं एक धरावं आणि त्यावर खेळाचा मजला चढवावा. थेट क्रीडाविज्ञानाचीच पदवी हवी असेल तर मणिपाल आणि चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेत ती आहे. प्रशिक्षणासाठी पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आणि ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था आहे. आपल्या राज्यात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे.

दुसरा प्रश्न. हाताखाली किती तास? पुस्तकातला गुडघा आणि माणसाचा गुडघा ह्यात फरक असतो. कॉलेज पाहायला जाल तेव्हा इमारत पाहू नका. मुलांना रुग्णांबरोबर आणि खेळाडूंबरोबर, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली किती काम करायला मिळतं, ते तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा.

तिसरा प्रश्न. पहिला पगार कोण देणार? टीव्हीवर क्रिकेट संघाचा फिजिओ धावत येतो, तशा जागा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. खरी कामं दवाखान्यात, अकादमीत, शाळेत आणि जिममध्ये आहेत, आणि सुरुवातीची वर्षं तंगीची असतात. समजा पाच लाखांचं कर्ज, व्याज दहा टक्के, फेड सात वर्षांत. हप्ता येतो महिन्याला साधारण ८३०० रुपये, शिकण्याच्या काळातलं व्याज वेगळं. सुरुवातीच्या पगारातून हा हप्ता जाऊन मुलीच्या हातात काय उरेल, हे कागदावर मांडा आणि मुलीसमोर मांडा. आम्ही मांडलं. आकडे पाहून नात म्हणाली, “दोन वर्षं घरी राहून काम करेन, हप्ता मीच भरेन.” तिच्या बाबांनी त्या रात्री फॉर्मवर सही केली.

आता ज्येष्ठांकडे वळतो. हा विषय फक्त पोरांचा आहे असं समजून दोघं-तिघं डुलक्या घेत आहेत.

एक सोपी चाचणी आहे. खुर्चीत बसायचं, हात छातीवर घडी करून ठेवायचे आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला बारापेक्षा कमी आणि बाईला दहापेक्षा कमी जमलं, तर पडण्याचा धोका जास्त, असं अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते. नातीनं ही चाचणी आपल्या कट्ट्यावर घेतली. माझे भरले दहा! कॉलेज रोडपर्यंत रोज चालणारा माणूस मी. ती म्हणाली, “आजोबा, चालणं चांगलंच आहे, पण मांडीला वजन उचलावं लागतं.” जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा. चार महिने तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. आता तेरा भरतात. गेल्या तीन वर्षांत आपल्या दोन इमारतींत तिघं बाथरूममध्ये पडले, त्यातले एक पुन्हा पहिल्यासारखे चालू शकले नाहीत. म्हणून तेरा हा आकडा मला पदकाएवढाच वाटतो.

शेवटी एक सूचना, कार्यकारिणीनं ती वार्षिक सभेपुढे ठेवावी. रौप्यमहोत्सवी निधीतून क्लब हाऊसमध्ये व्यायामाची यंत्रं घ्यायचा विचार चालू आहे. यंत्रं जरूर घ्या, पण आधी माणूस आणा. नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोन सकाळी आली, तर ज्येष्ठांचा तोल सुधारेल, खालच्या मैदानात खेळणाऱ्या मुलांना खेळण्याआधी अंग नीट गरम करायची सवय लागेल. त्यासाठी फुटबॉलच्या जागतिक संघटनेनं वीस मिनिटांचा, पंधरा व्यायामांचा क्रम तयार केलेला आहे, त्याला फक्त मोकळी जागा आणि एक चेंडू लागतो. दहावी-बारावीच्या मुलांना हा व्यवसाय जवळून पाहताही येईल. हिशेब मी करून देतो, त्याचं मानधन घेणार नाही.

चहा तयार आहे. जाण्याआधी सत्तरी ओलांडलेल्यांनी खुर्चीतून उठताना हात न टेकता उठून पाहावं.