चल यादी आणि अचल यादी



संगणकाला काम सांगण्याच्या ज्या अनेक भाषा आज प्रचारांत आहेत, त्यांतील एका घराण्याला 'फंक्शनल' म्हणजे फलनप्रधान भाषा असें म्हणतात. लिस्प, एमएल, हास्केल, क्लोजर हीं त्या घराण्यांतील ठळक नांवें होत. एकदां केलेली यादी मागाहून बदलूं द्यावी कीं नाहीं, हा या घराण्यांतील जुना वाद आहे. वरवर पाहतां तो क्षुल्लक वाटेल. परंतु दुसऱ्याकडून हातीं आलेल्या वस्तूवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशीं आहे.

एक घरगुती दाखला घेऊं. लग्नघरांत निमंत्रितांची एकच यादी भिंतीवर लावलेली आहे. तिच्यावरून एक जण पत्रिकांवर पत्ते लिहीत आहे आणि दुसरा आचाऱ्याला पानांचा हिशेब सांगत आहे. इतक्यांत तिसऱ्यानें चार नांवें खोडलीं व सहा नवीं घातलीं. झालें! पत्रिका एका हिशेबाच्या आणि पानें दुसऱ्या हिशेबाचीं. तिघांपैकीं प्रत्येकानें आपलें काम नीटच केलें, तरी घोटाळा व्हावयाचा तो झालाच. ही चल यादी. आतां असा नियम करा कीं, हातीं दिलेली यादी कधींहि बदलणार नाहीं. फेरफार हवा असेल त्यानें नवी यादी करावी. मग कोण कोणत्या यादीवरून चालला आहे, हें निश्चित सांगतां येतें. ही अचल यादी. बीजगणितांत 'क्ष बरोबर ५' असें एकदां मानलें, म्हणजे उदाहरण सुटेपर्यंत क्ष पांचच राहतो. फलनप्रधान भाषांचा ओढा याच शिस्तीकडे आहे.

यावर कोणी विचारील, एका नांवासाठीं हजार नांवें पुन्हां उतरून काढावयाचीं काय? नेहमीं नाहीं. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत लिस्प भाषेच्या कामास आरंभ केला. त्या भाषेंतील यादी म्हणजे चिठ्ठ्यांची सांखळीच होय. प्रत्येक चिठ्ठीवर दोन गोष्टी असतात : एक नांव, आणि पुढची चिठ्ठी कोठें आहे त्याची खूण. यादीच्या आरंभीं नवें नांव घालावयाचें असल्यास एकच चिठ्ठी लिहावी व तिच्यावर जुन्या यादीची खूण करावी. जुनी यादी जशीच्या तशी राहते, आणि नव्या यादीला शेपूट मिळतें तें जुनीचेंच. हजारांतील पांचशेंवें नांव बदलावयाचें असेल तर मात्र पहिल्या पांचशें चिठ्ठ्या नव्या कराव्या लागतात; उरलेल्या पांचशें दोन्ही याद्यांच्या सामाईक असतात. नांव अगदीं शेवटीं जोडणें सर्वांत महाग, कारण तेथें सर्व हजार चिठ्ठ्या उतरून घेऊन वर एक वाढवावी लागते.

ही सामाईक मालमत्ता सुरक्षित राहते ती केवळ अचलतेमुळें. खुद्द लिस्पमध्यें जुन्या चिठ्ठीवरील खूण बदलण्याची मुभा होती. शेवटच्या चिठ्ठीची खूण पहिल्या चिठ्ठीकडे वळविली कीं यादीचें वर्तुळ होतें, आणि तिचीं नांवें मोजावयास बसलेला संगणक मोजतच राहतो! आतां तपासून, शेवट आहे अशी खात्री करून घेतलेली यादी पुढच्या क्षणीं तशीच असेल, याची हमी मग कोणी द्यावी? लिस्पचीच एक शाखा स्कीम ही होय. तिच्या पीएलटी स्कीम या अवतारानें २००८ सालीं चौथ्या आवृत्तींत नेहमींची यादी अचल करून टाकली. चल चिठ्ठी ज्याला हवी असेल त्यानें ती निराळ्या नांवानें मागावी, अशी सोय ठेवली. २०१० पासून हीच भाषा रॅकेट या नांवानें ओळखली जाते.

चल यादीच्या कैवाऱ्यांचें म्हणणेंहि पोकळ नाहीं. मोठ्या यादींत मधोमध वारंवार फेरफार करावयाचा असेल, तर जागच्या जागीं खोडून लिहिणें स्वस्त पडतें. या अडचणीवर दोन तोडगे निघाले आहेत. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या क्लोजर भाषेंत सांखळीच्या जोडीला झाडासारखी एक मांडणी आहे. तिच्या प्रत्येक गांठीला बत्तीस फांद्या फुटूं शकतात. त्यामुळें दहा लक्ष नांवांतील एक बदलण्यास फार तर चार गांठी नव्या कराव्या लागतात. दुसरा तोडगा हास्केलचा. तेथें यादी अचलच असते. परंतु एखाद्या कामापुरती चल रांग घेऊन, जणूं बंद खोलींत, हवी तेवढी खोडाखोड करतां येते. बाहेर येतें तें तयार उत्तर, आणि मग त्याला कोणी हात लावूं शकत नाहीं.

मला हा दुसरा तोडगा विशेष उद्बोधक वाटतो. बदल मुळींच होऊं नये असा अचल पक्षाचा हट्ट नाहीं. ज्या यादीवर दुसरा कोणी विसंबून आहे, ती त्याच्या नकळत बदलूं नये, एवढेंच त्याचें मागणें आहे. म्हणून नेहमींचा व्यवहार अचल यादीनें करावा आणि चल यादी गरजेपुरती, आपल्याच टेबलावर ठेवावी, हा क्रम मला रास्त दिसतो. त्यासाठीं थोड्या चिठ्ठ्या अधिक लागल्या, तरी घोटाळा कोठें झाला हें शोधण्यांत जाणाऱ्या रात्री त्यांहून महाग असतात.