दरवर्षी लिंपावी लागणारी भिंत
(वसईतील एका वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘जुन्या चॅपेलांचा जीर्णोद्धार’ असा छापलाय. जीर्णोद्धार म्हटलं की आपल्याला आधी पावतीपुस्तक आठवतं. मग देणगीदारांची संगमरवरी पाटी, मग रंगरंगोटी, मग बिशपस्वामींच्या हस्ते आशीर्वाद, आणि मग पंचवीस-तीस वर्षं कुणी तिकडे ढुंकून बघत नाही. आज ज्या देवळांबद्दल बोलणार आहे तिथे ही सोय नाही. ती मातीची आहेत. कच्च्या विटांच्या भिंती, वर चिखलाचं लिंपण, डोक्यावर माळवद. आज उत्तम दुरुस्त केलेलं देऊळ तीन-चार वर्षं तसंच सोडलं तर पावसाळे आपलं काम चोख करतात.

ही देवळं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात आहेत. वसईच्या श्रोत्यांना तो मुलूख अगदीच परका वाटू नये. आपले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर गेले. त्यांच्याबरोबरच्या पंचवीस जणांत मेक्सिको शहरात जन्मलेले फिलिप होते. दोघेही फ्रान्सिस्कन. पुढच्याच वर्षी, १५९८ साली, त्याच संघाचे काही धर्मबंधू ओन्याते नावाच्या सरदाराच्या लवाजम्याबरोबर मेक्सिकोतून उत्तरेला निघाले आणि रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात पोचले. तिथे प्वेब्लो लोकांची मातीची गावं आधीपासून होती. हातानं थरावर थर चढवून ते भिंती उभारत. साच्यातली कच्ची वीट स्पॅनिश लोकांनी नेली.

या सुरुवातीचं गुणगान करायचं कारण नाही. देवळं उभी राहिली ती प्वेब्लो लोकांच्या श्रमावर, आणि ते श्रम खुशीचे नव्हते. त्यांचे पूजाविधी बंद पाडले जात होते, धान्य नेलं जात होतं. १६८०च्या ऑगस्टमध्ये पोपे नावाच्या पुढाऱ्यामागे जवळजवळ सगळी गावं एकदम उठली, २१ फ्रान्सिस्कन मारले गेले आणि स्पॅनिश सत्ता बारा वर्षांसाठी त्या प्रदेशातून हद्दपार झाली. सांता फे शहरातल्या सान मिगेल चॅपेलचं छप्पर त्याच उठावात जळलं. आज जे चॅपेल दिसतं ते १७१० साली पुन्हा बांधलेलं. सालाची नोंद आतल्या तुळईवर कोरलेली आहे.

मला अधिक रस आहे तो त्यानंतरच्या, डोंगरातल्या खेड्यांमधल्या लहान देवळांत. १८२१ साली मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, फ्रान्सिस्कन हळूहळू निघून गेले आणि एवढ्या मोठ्या मुलखाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके फादर उरले. कित्येक वाड्या-वस्त्यांवर मिस्सा व्हायची ती फादर घोड्यावरून येतील तेव्हा. मधल्या काळात प्रार्थना, मयत, पवित्र आठवडा हे सगळं गावकरी बघत. किल्ली गावातल्याच एखाद्या जोडप्याकडे असायची, त्यांना ‘मायोर्दोमो’ म्हणतात, आणि ही जबाबदारी पाळीपाळीनं फिरत असे. म्हणजे देऊळ धर्मप्रांताचं खरं, पण झाडलोट, सरपण, वेदीवरची फुलं आणि भिंतीची माती गावाची. चिमायो इथलं प्रसिद्ध सांतुआरिओ तर एका माणसानं, बेर्नार्दो आबेता यानं, १८१३ ते १८१६च्या दरम्यान बांधलेलं आणि शंभरएक वर्षं त्याच्याच घराण्यात राहिलेलं खासगी चॅपेल. घराण्याला दिवस वाईट आले तेव्हा आतल्या वस्तू विक्रीला निघाल्या. १९२९ साली लेखिका मेरी ऑस्टिन यांनी एका निनावी दात्याकडून सहा हजार डॉलर मिळवले, वास्तू विकत घेतली गेली आणि आर्चडायोसीसच्या हवाली झाली.

१८४८मध्ये हा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि १८५१ साली लामी नावाचे फ्रेंच बिशप आले. मोठे कर्तबगार गृहस्थ. पण त्यांना ही मातीची देवळं कधी देवळं वाटलीच नाहीत. सांता फेमध्ये जुन्या मातीच्या चर्चभोवती त्यांनी दगडी कथीड्रल उभारायला घेतलं आणि ते उभं राहिल्यावर जुनं बरंचसं पाडून टाकलं. १८८० साली रेल्वे आली, तिच्याबरोबर पत्रा आला, आणि गावोगावच्या माळवदांवर उतरती पत्र्याची छपरं चढली. जाणकार लोक त्यावर नाक मुरडतात. मी नाही मुरडत. ज्यानं भर पावसात माळवदावर चढून माती दाबली असेल त्याला पत्र्याची किंमत विचारा.

आता थोडं मातीबद्दल. कच्ची वीट म्हणजे चिकणमाती, वाळू आणि पेंढा. तिकडची नेहमीची वीट साधारण चौदा इंच लांब, दहा इंच रुंद, चार इंच जाड. वजन पंधरा किलोच्या आसपास. अशा विटांची तीन-चार फूट जाड भिंत कोरडी असेपर्यंत शतकं उभी राहते. तिचा शत्रू पाणी, आणि पाणी दोन वाटांनी येतं: वरून पावसाचं, खालून जमिनीतलं. वरचं पाणी बाहेरचं लिंपण झेलतं आणि दरवर्षी थोडं थोडं झिजतं. ते झिजण्यासाठीच असतं. खालून चढलेली ओल त्याच लिंपणातून वाफ होऊन निघून जाते. भिंत भिजते आणि वाळते, एवढंच तिचं आयुष्य.

विसाव्या शतकात सिमेंट गावात पोचलं. भिंतीवर तारेची जाळी ठोकायची, वर सिमेंटचा गिलावा मारायचा, काम फत्ते. पण माती आणि सिमेंट उन्हात सारखे फुगत नाहीत, थंडीत सारखे आक्रसत नाहीत, आणि ताओसच्या बाजूला, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांवर, रात्री पाणी गोठतं. गिलाव्याला केसाएवढी चीर पडते. त्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. भर उन्हात रेनकोट घालून बसलेल्या माणसासारखी भिंत आतल्या आत भिजत राहते. बाहेरून सगळं चकाचक, आणि पायथ्याशी विटांचा चिखल झालेला.

रान्चोस दे ताओस गावातल्या सान फ्रान्सिस्को दे आसिस या देवळाचं हेच झालं. १८१६च्या सुमारास पुरं झालेलं हे देऊळ चित्रकारांनी जगभर नेलंय. जॉर्जिया ओकीफ यांनी ते रंगवलं, अॅन्सेल अॅडम्स आणि पॉल स्ट्रँड यांनी त्याचे फोटो काढले, आणि गंमत म्हणजे तिघांनाही भुरळ पडली ती देवळाच्या पाठीची. तिथे वेदीमागची भिंत आणि तिला टेकू देणारे मातीचे भलेथोरले धिरे आहेत, खिडकी नाही, नक्षी नाही. १९६७ साली गावानं या सगळ्यावर सिमेंटचा गिलावा करून घेतला. बारा वर्षांत आतली पडझड लक्षात आली. १९७९ साली सिमेंट खरवडून काढलं, कुजलेल्या विटा बदलल्या आणि भिंत पुन्हा मातीनं लिंपली. तेव्हापासून जून महिन्यात गावकरी जमतात आणि लिंपण करतात. त्याला तिकडे ‘एन्हार्रे’ म्हणतात. जूनच का? तिथेही जुलै-ऑगस्टमध्ये वळवासारखा गडगडाटी पाऊस असतो, त्याच्या आत भिंत वाळायला हवी. आपल्याकडे कौलं चाळायची घाई मे महिन्यात का असते, ते सांगायला नको.

हे काम बघण्यासारखं आहे. माती चाळून, पेंढा घालून भिजत घालायची. सुटलेलं जुनं लिंपण खरवडायचं, भिंतीवर पाणी मारायचं, मग हातानं चिखल थापायचा, तळव्यानं वरच्या बाजूला ओढत न्यायचा. पेंढ्यामुळे तडे कमी पडतात. वरचा हात बारीक मातीचा, आणि तो गुळगुळीत करायला मेंढीच्या कातड्याचा तुकडा. परंपरेनं विटा पाडणं आणि भिंत चढवणं पुरुषांचं, लिंपण बायकांचं. त्यांना ‘एन्हार्रादोरा’ म्हणतात. आपल्याकडे सारवणाला कधी कुणी कारागिरी म्हटलं नाही. तिकडेही फार काळ म्हटलं नव्हतं. वास्तुविशारद शोधत आले तेव्हा कळलं की मातीत वाळू किती घालायची याचं गणित आज्यांच्या बोटांत आहे आणि कागदावर कुठेच नाही.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. ही गोष्ट बहुधा अशी सांगितली जाते: अडाणी गावकऱ्यांनी सिमेंट लावलं, शहाण्या तज्ज्ञांनी काढायला लावलं. मला हे पटत नाही. १९६७चा निर्णय शहाण्या माणसांचाच होता. शेतीवर भागेना म्हणून खेड्यांतली माणसं लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत, सांता फेच्या हॉटेलांत, कोलोरॅडोच्या खाणींत आणि कारखान्यांत कामाला जात होती. ज्या बायका लिंपायच्या त्याही नोकरीवर होत्या. जूनमध्ये दोन आठवडे चिखलात उभं राहायला कोण मोकळं होतं? सिमेंटनं त्यांना त्या पाळीतून सुटका देऊ केली आणि त्यांनी ती घेतली. तुम्ही-आम्ही घरातली शेणाची जमीन काढून फरशी बसवली, त्याहून हे वेगळं नाही. म्हणून १९७९चा निर्णय मला मोठा वाटतो. मातीचे गुणधर्म कुठल्याही इंजिनियरनं सांगितले असते. गावानं ठरवलं ते हे की आता दरवर्षीचं ओझं आपण पुन्हा खांद्यावर घेतो. मातीचं लिंपण आणि माणसांची पाळी हे एकच तंत्रज्ञान आहे. पहिलं हवं आणि दुसरं नको, असं करता येत नाही. सिमेंट म्हणजे पाळी मोडल्याची पावती.

ही जाण ठेवून काम करणारी एक संस्था तिथे आहे. १९८६ साली ‘चर्चेस : सिम्बॉल्स ऑफ कम्युनिटी’ नावाचा उपक्रम निघाला, पुढे त्याचीच ‘कॉर्नरस्टोन्स कम्युनिटी पार्टनरशिप्स’ झाली. त्यांची रीत साधी: गावानं बोलावलं तर जायचं, आणि गावाचे हात लागणार असतील तरच काम धरायचं. तांत्रिक सल्ला, अवजारं, थोडा निधी संस्थेचा, अंगमेहनत गावाची. दक्षिणेला दोन्या आना गावातलं कांदेलारियाचं देऊळ १९९०च्या दशकात अशाच रीतीनं सावरलं, आणि तिथे विटा पाडायला शिकली ती गावातली तरणी पोरं. सांता फेच्या सान मिगेलचं सिमेंटही २०१० नंतर या संस्थेच्या मदतीनं उतरलं. कंत्राटदाराला दिलं असतं तर लवकर झालं असतं, यात शंका नाही. पण कंत्राटदार पुढच्या जूनला येत नाही.

सगळं गोडगुलाबी आहे असंही नाही. हल्ली लिंपणाला पर्यटक येतात, स्वयंसेवक येतात, हात माखून फोटो काढून जातात. हात ते हात, माझी तक्रार नाही. पण गावाची पाळी आणि पाहुण्यांची हौस यांत फरक राहतोच, आणि हौसेवर छप्पर चालत नाही. शिवाय २०१८च्या डिसेंबरमध्ये सांता फेच्या आर्चडायोसीसनं दिवाळखोरीचा अर्ज केला. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांचे शेकडो दावे उभे होते. २०२२ साली १२ कोटी १५ लाख डॉलरची तडजोड झाली, त्यासाठी धर्मप्रांताला मालमत्ता विकाव्या लागल्या. ती भरपाई पीडितांच्या हक्काचीच होती. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंत लिंपणाऱ्यांच्या मनात ‘हे नक्की कुणाचं?’ हा प्रश्न अशा वेळी आला असेल तर नवल नाही.

आपल्याकडे वळून बघितलं तर गंमत वाटते. आपल्या किल्ल्यातली चर्चं दगड-चुन्याची, कितीतरी भक्कम. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज वस्ती उठली, आणि आज बहुतेक देवळांच्या नुसत्या भिंती आणि कमानी उभ्या आहेत. गोन्सालो गार्सियांच्या नावाचं देऊळ तेवढं सावरलं गेलं, कारण तिथे सणाला लोक येतात. आणि जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बॅसिलिका बघा. तिथे उलटा प्रकार. १९५०च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदानं बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकला, कारण उघडा जांभा जुनापुराणा, रुबाबदार दिसतो. बांधणाऱ्यांनी तो दगड उघडा ठेवायला बांधलाच नव्हता. तेव्हापासून पाऊस त्या जांभ्याला खातोय, आणि गिलावा परत करावा की नाही यावर गोव्यात अजून वाद चाललाय. लोकांना तेच रूप आता ओळखीचं झालंय ना! माझं मत विचाराल तर गिलावा करावा. फोटोसाठी देऊळ भिजत ठेवू नये.

जाता जाता आकोमाबद्दल बोलायलाच हवं. शंभर मीटरहून उंच कातळाच्या माथ्यावर वसलेलं हे प्वेब्लो गाव. १५९९ साली ओन्यातेच्या सैनिकांनी तिथे शेकडो माणसं मारली, आणि पंचविशीच्या पुढच्या पुरुषांचा एक-एक पाय तोडण्याची शिक्षा फर्मावली. तीसेक वर्षांनी त्याच गावात सान एस्तेबान देऊळ बांधायला घेतलं. माथ्यावर माती नाही, पाणी तेवढं कातळातल्या टाक्यांत साठलेलं. सगळी माती लोकांनी खालून वर वाहिली, आणि छपराच्या चाळीस फुटी तुळया चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या डोंगरातून खांद्यावर आणल्या. १६८०च्या उठावात आकोमानं ते देऊळ पाडलं नाही. आज ते आकोमा लोकांच्याच ताब्यात आहे आणि त्याची दुरुस्ती त्यांचेच लोक करतात. सणाच्या दिवशी आत मिस्सा होते आणि बाहेर चौकात त्यांचे स्वतःचे, एकेकाळी बंदी घातलेले नाच होतात.

आपल्यावर लादलेलं देऊळ हे लोक का लिंपतात, असं बाहेरचे विचारतात. मला वाटतं यात कोडं काही नाही. ती माती त्यांच्या पणज्यांनी डोक्यावरून वर आणली आहे, आणि अंगणात त्यांचे मृत पुरलेले आहेत. त्या दफनभूमीसाठीदेखील माती खालूनच आणावी लागली होती.

तुमच्यापैकी कुणाला प्रश्न असतील तर वेळ आहे. गिलाव्याबद्दल विचारणार असाल तर भिंत चुन्याची आहे की मातीची, आणि पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, हे आधी सांगा.