सोबत्याची सोबत



स्नेहमेळाव्यात आजारपणाचा विषय काढते आहे, पण आज काढायलाच हवा. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरी आई-वडील, सासू-सासरे किंवा जोडीदार यांना कॅन्सरने गाठलं आहे. पेशंटची विचारपूस सगळेच करतात. उशाशी बसलेल्या माणसाला ‘तू जेवलीस का?’ असं क्वचितच कोणी विचारतं. माझ्या आईच्या आजारपणात हे मी जवळून पाहिलं.

संगमेश्वराहून अनेकांना उपचारांसाठी परळचं टाटा हॉस्पिटल गाठावं लागतं. रेडिएशन रोज काही मिनिटांचंच, पण बहुधा आठवड्यातले पाच दिवस आणि कित्येक आठवडे चालतं. तेवढे दिवस सोबतचा माणूस मुंबईत अडकतो. इकडे गुरं, लावणी, मुलांच्या परीक्षा थांबत नाहीत. तिकडे रांगा, रिपोर्ट आणि पैशांची जुळवाजुळव. दोन्ही टोकं एकाच व्यक्तीने, बहुतेकदा घरातल्या बाईने, सांभाळायची.

काही सोयी आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन इथे बाहेरगावच्या पेशंटची नातेवाइकांसह राहण्याची सोय होते. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र दाखवलं की रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री टियर एसीत पेशंटला तिकिटात पूर्ण सवलत मिळते, एका सोबत्याला ७५ टक्के. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी गाठायचं. पण हे सगळं शोधून काढायला त्या सोबत्याकडे वेळही नसतो आणि त्राणही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्या सिस्टिम रात्रंदिवस चालू ठेवाव्या लागतात, म्हणून आम्ही पाळ्या लावतो. घरी मात्र एकाच व्यक्तीला महिनोन्महिने ड्युटीवर ठेवतो आणि वर तिला ‘खंबीर’ म्हणतो.

‘काही लागलं तर सांग’ असं आपण मनापासूनच म्हणतो. पण त्यात मागायचं कामही तिच्याच गळ्यात पडतं. त्यापेक्षा ‘मंगळवारी केमोला मी बसते, तू जाऊन झोप’ असं म्हणा. मुंबईतल्याने दादरला तुतारी एक्सप्रेसवर उतरवून घ्यायला जावं. पुण्यातल्याने फोनवरून फॉर्म आणि कागदपत्रांचं बघावं. गावातल्याने गोठा आणि म्हाताऱ्यांची औषधं सांभाळावीत. केमो चालू असताना पेशंटची प्रतिकारशक्ती कमी होते, तेव्हा आपल्याला सर्दी-ताप असेल तर घरीच थांबावं. आणि रामबाण उपायांचे मेसेज कृपा करून पाठवू नयेत.

आणखी एक. माणूस गेला तर तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी घर रिकामं होतं. इतके महिने औषधांच्या वेळा पाळणाऱ्या त्या माणसाला आता दिवस कसा काढायचा ते कळत नाही. तेव्हा फोन करा. महिन्याने पुन्हा करा.

आपली बॅच मुंबई, पुणे आणि संगमेश्वर अशी विखुरलेली आहे, ते इथे उपयोगी पडेल. आजच एक यादी करू या: कोण, कुठल्या गावात, कुठल्या वारी मोकळं आणि कोणतं काम करू शकेल. पेशंटचं नाव मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकायचं नाही. यादीत पहिलं नाव माझं लिहा: मुंबई, शनिवार, हॉस्पिटलमध्ये बसायला.