टाळेबंदीतील प्राध्यापक आणि दूरस्थ अध्यापन

मार्च 2020 मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा महाराष्ट्रातील विद्यापीठांचे सत्र संपत आले होते आणि राहिलेला अभ्यासक्रम प्राध्यापकांना घरातूनच, बहुधा स्वतःच्या मोबाइलवर व स्वतःच्याच खर्चाने पुरा करावा लागला. अभ्यासक या प्रकाराला ऑनलाइन शिक्षण न म्हणता ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ म्हणतात. ऑनलाइन अभ्यासक्रमाची आखणी कित्येक महिने आधी होते, तर येथे वर्गासाठी तयार केलेले व्याख्यान आहे तसे झूम किंवा गूगल मीटवर नेले गेले, आणि हा भेद विसरल्यामुळेच त्या काळातील उणिवांचे खापर पुष्कळदा माध्यमावर फोडले जाते.

सर्वांत जाचक अडचण प्रतिसादाची होती. डेटा वाचवण्यासाठी विद्यार्थी कॅमेरे बंद ठेवत, त्यामुळे पडद्यावर नुसती आद्याक्षरे दिसत आणि ‘आवाज येतोय ना?’ हे पुन्हा पुन्हा विचारावे लागे. गणिताच्या शिक्षकांनी पुस्तकांच्या चळतीवर मोबाइल आडवा ठेवून त्याखालच्या वहीत समीकरणे सोडवून दाखवली. रसायनशास्त्रातील अनुमापन, म्हणजे द्रावणाची तीव्रता थेंबाथेंबाने मोजण्याची क्रिया, मात्र चित्रफितीवर भागवावी लागली, जी हाताला काहीच शिकवत नाही.

अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 2020 रोजी दिला, आणि दीर्घोत्तरी प्रश्न काढण्यात हयात गेलेल्या प्राध्यापकांना अवघ्या काही आठवड्यांत बहुपर्यायी प्रश्नांच्या पेढ्या तयार कराव्या लागल्या.