उरलेल्या अपूर्णांकाचे काय करायचे?

मुंबईच्या उत्तर उपनगरात, कांदिवलीच्या पश्चिमेस चारकोप आहे. 1985 नंतर जागतिक बँकेच्या मदतीने येथे लहान लहान भूखंड पाडले गेले आणि घरांच्या सोसायट्या वसल्या. पण चारकोप नावाचा विधानसभा मतदारसंघ झाला तो 2008 च्या पुनर्रचनेत. पहिला आमदार निवडून आला 2009 साली. त्याच पुनर्रचनेत गिरगाव-लालबागकडच्या जुन्या मुंबई शहराच्या जागा 17 वरून 10 वर आल्या आणि उपनगराच्या 17 वरून 26 झाल्या.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या जागांशी आम्हा गावकऱ्यांना काय करायचे? पण विधानसभेच्या जागा एकंदर 288 च. मुंबईच्या दोन वाढल्या, म्हणजे दुसरीकडच्या दोन गेल्याच की!

हिशेब तसा शाळेतल्या भागाकाराचा. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या होती 9,68,78,627. तिला 288 ने भागा. एका जागेमागे सुमारे 3,36,384 माणसे येतात. शहरात माणसे 33,38,031, म्हणून वाट्याला 9.92 जागा. उपनगरात 86,40,419, म्हणून 25.69. आता आमदार काही भाकरीसारखा मोडून देता येत नाही. मग या अपूर्णांकांचे काय?

अमेरिकेत 1792 साली यावरूनच मोठा वाद झाला. हॅमिल्टन म्हणाले, आधी प्रत्येकाला पूर्णांक द्या आणि उरलेल्या जागा ज्यांचे अपूर्णांक मोठे त्यांना द्या. ऐकायला अगदी सरळ! पण फळ्यावर मांडून पाहा. एका गावाच्या तीन वाड्या. माणसे 650, 640 आणि 210. पंच दहा. दीडशे माणसांमागे एक पंच, म्हणून वाटे येतात 4.33, 4.27 आणि 1.40. पूर्णांक धरून नऊ पंच झाले. दहावा सर्वांत मोठ्या अपूर्णांकाला, म्हणजे धाकट्या वाडीला. तिचे दोन झाले. आता गावाने ठरवले, पंच अकरा करू. वाटे होतात 4.77, 4.69 आणि 1.54. उरलेले दोन पंच थोरल्या दोन वाड्यांनी नेले आणि धाकटीला राहिला एकच. पंच वाढला आणि तिचा एक कमी झाला! ही काही माझ्या डोक्यातून निघालेली गंमत नव्हे. 1880 च्या जनगणनेवरून हिशेब करताना अमेरिकेत असेच दिसले, की सभागृह 299 चे केले तर अलाबामा राज्याला आठ जागा आणि 300 चे केले तर सातच.

जेफरसन यांची रीत निराळी. अपूर्णांक सरसकट सोडायचे आणि एका जागेमागची माणसे थोडी थोडी कमी करत जायचे, सगळ्या जागा वाटून होईपर्यंत. तिच्यात अलाबामासारखा घोटाळा होत नाही. पण अपूर्णांक सोडल्याचा तोटा सर्वांना सारखा बसत नाही. 25.69 चे 25 केले तर उपनगराला फारसे जाणवणार नाही, 9.92 चे 9 केले तर शहराचा जवळजवळ दहावा हिस्सा बुडतो. मोठ्याला झुकते माप, ते असे.

वेब्स्टर यांनी मधला मार्ग काढला. अर्ध्याहून कमी ते सोडायचे, अर्धा किंवा अधिक असेल तर एक धरायचा, आणि बेरीज चुकली तर भाजक किंचित हलवायचा. आपल्या वाड्यांत भाजक 144 घ्या, दहा पंचांचे 5, 4, 1 होतात. 142 घ्या, अकरांचे 5, 5, 1. कोणाचे काही हिरावले जात नाही. मला तरी हीच रीत बरी वाटते. मुंबईचे 10 आणि 26 हेही अर्ध्याच्या नियमाशी जुळतात.

हा प्रश्न आता मोठ्या पाटीवर यायचा आहे. लोकसभेतल्या राज्यांच्या जागा 1971 च्या जनगणनेवर आहेत. महाराष्ट्राच्या 48, गोव्याच्या दोन. 2001 च्या 84 व्या घटनादुरुस्तीने ही वाटणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली. नवी वाटणी होईल तेव्हा लोकसंख्येवर भांडण होईलच. पण गोव्यासारख्या लहान राज्याने आपल्या अपूर्णांकाकडेही लक्ष ठेवावे, कारण दोनाची एक झाली तर अर्धा आवाज गेला. शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात वाड्यांऐवजी आपल्या तालुक्यातली गावे घ्या, खरी लोकसंख्या घ्या, आणि तिन्ही रीतींनी मुलांकडून वाटणी करवून घ्या.