अंगणातली कुंती

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की काही दिवसांत कुंती पांढऱ्याशुभ्र फुलांनी भरून जाते. सह्याद्रीच्या जंगलात आपसूक वाढणारं हे झुडूप लिंबू-कढीपत्त्याच्या कुळातलं. काहीजण त्याला कामिनी म्हणतात. गंध संत्र्याच्या मोहोरासारखा, संध्याकाळी जास्त जाणवणारा.

रोप बियांपासून सहज होतं. लालभडक पिकलेली फळं तोडा, गर धुऊन काढा आणि बी लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी फारसं रुजत नाही. सकाळचं ऊन, निचऱ्याची जमीन आणि थोडं शेणखत एवढं पुरतं. मुळाशी पाणी साचू देऊ नका. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून बहर ओसरल्यावरच छाटा. कुंपण सारखं कातरून चौकोनी ठेवणाऱ्यांना फुलं मिळतील कुठून?

एक मात्र सांगायला हवं. संत्र्या-मोसंबीवरची सिट्रस सायला ही कीड कुंतीवरही पोसली जाते आणि ग्रीनिंग रोग पसरवते. तेव्हा विदर्भातल्या बागाइतदारांनी संत्र्याच्या बागेला कुंतीचं कुंपण घालू नये.